चार वाजताचा तास

।। श्री ।।

विश्रांतवाडी, पुणे
१४ जुलै २००२

ती. मालनताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन पंधरवडा झाला, उत्तराला उशीर झाला. रागावू नका. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही पहिल्या मिनिटालाच पुरे, बिल वाढतंय म्हणता आणि ठेवून देता.

इकडे सगळे ठीक. मामंजींच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीनंतर काढू असं डॉक्टर म्हणाले. पहिल्याने काढूनही फारसं दिसत नाही, तोवर बाहेर हात धरूनच फिरवावं लागतं. तब्येत चांगली आहे, आवाज तर फारच चांगला आहे. शुभंकरला हिंजवडीच्या कंपनीत कायम केलं. सकाळी सातला बस नाक्यावर येते, रात्री कधी नऊ, कधी दहा. रविवारी तो इतका झोपतो की मामंजी चाचपडत दोनदा जाऊन कानोसा घेऊन येतात. ह्यांना कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता सात महिने होतील. आमच्या सोसायटीत पिंपरीच्या कारखान्यांतून असे घरी आलेले पाचजण आहेत. सकाळी फाटकापाशी जमतात.

माझं एम. ए.चं दुसरं आणि शेवटचं वर्ष सुरू झालं. तुम्ही मागे विचारलं होतं, तत्त्वज्ञान आणि भाषाशास्त्र एकत्र शिकतेस म्हणजे नेमकं कुणाची. खरं सांगायचं तर दोन घरची सून झाले आहे. तत्त्वज्ञानवाले म्हणतात ही भाषाशास्त्राकडची, भाषाशास्त्रवाले म्हणतात ही तत्त्वज्ञानाकडची. चहा मात्र दोन्हीकडे मिळतो.

या वर्षी चार पेपर आपण निवडायचे. दोन्ही विषयांतला निदान एकेक हवा, बाकी मोकळीक. ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत सांगायचं. मी ठरवलेही. शुभंकरच्या कंपनीत कुणी वरिष्ठ आहेत, ते संगणकावर मराठी आणण्याचं काम सुरू करणार आहेत. त्यांना भाषा जाणणारी माणसं लागतील, म्हणून शुभंकर म्हणाला ‘संगणक आणि भाषा’ घे. ह्यांच्या मनात आहे की आम्ही दोघांनी मिळून घरी शिकवणीचा वर्ग काढावा, म्हणून ‘भाषाशिक्षण’. आमच्या एका सरांना माझं वऱ्हाडी बोलणं मोलाचं वाटतं. पुण्यात ते कुणालातरी मोलाचं वाटतंय हे पाहूनच मी ‘ध्वनिविज्ञाना’ला हो म्हणून आले. आणि तत्त्वज्ञानातला ‘तर्कशास्त्र’, कारण तो अकरा वाजता असतो, तोवर स्वयंपाक आटपतो. असे चारही बसले.

मामंजी तुम्हाला आशीर्वाद सांगतात. गुडघ्यांना तेल लावता की नाही ते विचारायला सांगितलं आहे. तुमचा लोभ मला पुरतो, तरी अजून हवासा वाटतो.

तुमची,
प्रियदर्शनी


आर्वी
२० जुलै २००२

चि. सौ. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. बाबांना सांग, तेल लावते. गुडघ्यांना ते माहीत नाही असं दिसतं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जन्मभर चौथीच्या पोरांचे निबंध तपासले, त्यामुळे काय लिहिलं यापेक्षा काय लिहायचं राहिलं ते आधी दिसतं. बाप्पा, काय सुंदर पंगत वाढलीस. लेकाच्या पानात संगणक, नवऱ्याच्या पानात शिकवणी, सरांच्या पानात आपली वऱ्हाडी. चौथा पेपर स्वयंपाकघराच्या घड्याळाला वाढला. आता सांग, तुला काय आवडतं? सगळं पत्र शोधलं, कुठं सापडलं नाही.

आपल्याकडे सुना शेवटी जेवतात हे मला ठाऊक आहे, मीही जेवले. पातेल्यात उरलेलं खरडून खाण्याला काही हरकत नाही, पोट भरतं. पण विद्यापीठातही पातेलं खरडून खायचं असेल तर एवढ्या लांब बस बदलून काहून जातेस? आर्वीत बसूनही ते जमलं असतं.

तेव्हा पुढच्या पत्रात एवढंच लिही, कुणी विचारलं नसतं तर काय घेतलं असतंस. पेपर परवडतो की नाही, कुणाला सोयीचा की नाही, ते लिहू नको. ते तू न विचारताच लिहितेस.

इकडे पाऊस बरा. मागच्या अंगणातल्या आवळ्याला यंदा फळ धरेल असं वाटतं. पेन्शनच्या कचेरीत अजून मी जिवंत आहे याचा दाखला मागतात. समोर उभी राहिले तरी दाखला पाहिजे म्हणतात. तुझ्या तत्त्वज्ञानात यावर काही असेल तर कळव.

बाबांना नमस्कार. शंभूला आणि शुभंकरला आशीर्वाद. माझ्यावर रुसायचं असेल तर खुशाल रुस, पण उत्तर लिहून रुस.

तुझी,
मालनताई


पुणे
२५ जुलै २००२

ती. मालनताईंना,
शि. सा. न.

रुसले नाही. तुमचं पत्र वाचून पोळ्या मात्र करपल्या.

सांगते. मला ‘शब्दप्रमाण’ हवा आहे. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. आपल्याला जे माहीत असतं त्यातलं फार थोडं आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. बाकी सारं कुणीतरी सांगितलेलं. मग नुसतं सांगण्यावरून कळलेल्याला ज्ञान म्हणायचं का? कुणाच्या शब्दावर विसंबायचं आणि का? आपल्या जुन्या पंडितांनी यावर शतकानुशतकं वाद घातले आहेत. ताई, मला वाटतं की माझे दोन्ही विषय ज्या एका जागी खरोखर भेटतात ती जागा हीच आहे.

तो दुर्गाबाई शिकवतात. त्या निवृत्त झाल्या आहेत, आता फक्त या एका पेपरासाठी कात्रजहून दोन बस बदलून येतात. पुढच्या वर्षी येणार नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी आमच्यापुढे यावर एकच व्याख्यान दिलं होतं. मी घरी येताना स्टेशनला उतरायचं विसरले आणि बस पुढे गेली ते मला कळलंही नाही. बाकी कुठल्या तासानंतर माझं असं झालेलं नाही.

तास मंगळवार आणि शुक्रवारी चार ते सहा आहे. ‘संगणक आणि भाषा’ही त्याच वेळी, म्हणजे एक घेतला की दुसरा गेला. संगणकाचं मी शुभंकरपुढे बोलू शकेन. तो थोडा हिरमुसेल. शिवाय त्या पेपराला मी जाणार होते तेव्हा सोसायटीतल्या मथुराबाई त्या दोन दिवशी चारला येऊन बसतील असं ठरलं होतं. पण आता त्यांची लेक बाळंतपणाला आली आहे, त्यांचं येणं सुटलं. म्हणजे चारचा तास कुठलाही असो, आता माझ्या हातचा राहिलेला नाही.

मामंजींचं चार वाजताचं तुम्हाला ठाऊक आहे. आल्याचा चहा, तो बशीतून, आणि मग हात धरून नाक्यापर्यंत फेरी. साडेतीनपासून ते घड्याळाकडे कान लावून बसतात. ते अडून राहतात असं नाही, पण दिवसभरात त्यांची तेवढीच एक गोष्ट आहे.

तुम्ही म्हणाल, शंभू घरीच असतो. ताई, तिथेच माझा पाय अडतो. शेजारच्या हिंदुरावांची बायको त्यांना घरी आल्यापासून दळण आणायला, गॅसच्या रांगेला पाठवू लागली. ते एकदा फाटकाशी म्हणाले, आता आमची नेमणूक घरगड्याच्या जागेवर झाली. सगळे हसले. हे हसले नाहीत. तेव्हापासून मी ह्यांना घरातलं एकही काम सांगितलेलं नाही. पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. इतकी वर्षं यंत्रावर उभा राहिलेला माणूस, त्याला मी चहा करा म्हणू? त्यांना वाटेल, आता एवढ्याच लायकीचा उरलो. एका पेपरासाठी ते दुखणं मी देणार नाही. तुम्हीही हे त्यांना लिहू नका, माझी विनंती आहे.

विचारलंत, म्हणून सांगून टाकलं. सांगितल्यावरच निम्मं मिळाल्यासारखं वाटतंय. उरलेलं नाही मिळालं तरी चालेल.

तुमच्या मायेची ऋणी,
प्रियदर्शनी

ता. क. जिवंत असल्याच्या दाखल्याचं दुर्गाबाईंना विचारलं. म्हणाल्या, कचेरीपुढे प्रत्यक्षप्रमाण चालत नाही.


आर्वी
३० जुलै २००२

चि. शंभूस,
अ. आ.

तुला पत्र लिहायची वेळ कमी येते, कारण उत्तर येत नाही. या वेळी दोन कामं आहेत.

पहिलं. बाबांना वर्षभर माझ्याकडे पाठव. माझं घर मोठं आहे, मी रिकामी आहे, त्यांच्या ओळखीचे दोन म्हातारे अजून इथं शिल्लक आहेत. बाबांना विचारून काय म्हणतात ते जसंच्या तसं कळव.

दुसरं. तू दुपारी चार वाजता काय करतोस?

एवढंच. उत्तर पाच तारखेच्या आत टाक. प्रियदर्शनीकडून लिहवून घेऊ नको, मला तुझं अक्षर ओळखू येतं.

तुझी,
ताई


विश्रांतवाडी
६ ऑगस्ट २००२

ती. ताईस,
सा. न.

पाच तारीख हुकली, एका दिवसाची माफी असावी.

पहिल्याचं उत्तर. बाबांना विचारलं. ते म्हणाले, लेकीच्या घरी पाहुणा दोन दिवस शोभतो, तिसऱ्या दिवशी लोक विचारतात की पोराने हाकललं का. मी म्हटलं, ताईने ते घर स्वतःच्या पगारातून बांधलं आहे, भाऊजी जाऊन तीस वर्षं झाली, आता ते कुणाचं सासर नाही. तर म्हणाले, घर कुणीही बांधो, लेक ती लेक. विषय संपला. तुला हे उत्तर आधीच माहीत होतं असा मला संशय आहे.

दुसऱ्याचं उत्तर. चार वाजता मी वर्तमानपत्र वाचतो. सकाळी वाचलेलंच.

हे वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. मग तुझं पत्र तिला दाखवलं आणि विचारलं, ताई असं का विचारते. ती हसली, मग तिच्या डोळ्यांना पाणी आलं, मग तिने सगळं सांगितलं. तो शब्दप्रमाण, कात्रजच्या बाई, मथुराबाईंची लेक, हिंदुरावांचं ते घरगड्याचं.

ताई, मला वाईट वाटलं, पण तिला वाटलं होतं तसं नाही. मी घरी आल्या दिवसापासून उठलो की ती म्हणते, तुम्ही बसा. भांडं उचललं, तुम्ही बसा. बाबांना हाक मारली, मी बघते, तुम्ही बसा. मला वाटलं, हिला आता माझ्या हाताने काही नीट होईल असा भरवसा राहिला नाही. कंपनीने बसवलं ते समजू शकलो. घरातही बसवलं, ते समजेना. ते शिकवणीच्या वर्गाचं मी काढलं ते त्यासाठीच. वाटलं, हिच्याबरोबर एखादं काम तरी करता येईल. भाषेतलं मला काय कळतं? मी फळा पुसला असता.

तर काल चार वाजता चहा मी केला. बाबांनी एक घोट घेतला आणि विचारलं, सूनबाई आजारी आहे का. आज आलं कमी, साखर थोडी जास्त टाकली. आज काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ.

मग फिरायला नेलं. ते माझा दंड घट्ट धरतात, लहानपणी मी त्यांचं धोतर धरायचो तसा. वाटेत प्रत्येक दुकान कशाचं आहे ते वासावरून सांगतात. वाण्याचं, पंक्चरवाल्याचं, औषधांचं. मध्ये एक नवीन उघडलं आहे तिथे थांबले आणि म्हणाले, इथं काही वासच येत नाही, काय विकतात. मी म्हटलं, संगणक शिकवतात. इतकी वर्षं मी पाळ्यांमध्ये काढली, बाबा चार वाजता कसे असतात ते मला ठाऊकच नव्हतं.

तिला सांगितलं, तो पेपर घे. ती म्हणाली, बघते. तिच्या ‘बघते’चा अर्थ तुला ठाऊक आहे, म्हणून दहा तारखेला मी स्वतः विद्यापीठात तिच्याबरोबर जाणार आहे. आत नाही, फाटकापर्यंत.

मला पत्र लिहीत जा. उत्तर देईन.

तुझा,
शंभू


पुणे
२० ऑगस्ट २००२

ती. मालनताईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही विनंती मोडली नाहीत आणि तरी सगळं घडवून आणलंत. चार वाजता काय करतोस. एवढ्या एका ओळीवर मला तुमच्या हाताखाली चौथीत बसावंसं वाटलं.

‘शब्दप्रमाण’ घेतला. ‘संगणक आणि भाषा’ सुटला. शुभंकर दोन दिवस कमी बोलला. मग म्हणाला, आई, तुला परीक्षा झाल्या झाल्या काम मिळालं असतं, आता ते दुसऱ्या कुणाला मिळेल. ते खरं आहे, मी नाही म्हटलं नाही. त्याला अजून पुरतं पटलेलं नाही. असू दे. त्याने माझ्या काळजीपोटीच ते सुचवलं होतं, आणि काळजी करणाऱ्याला लगेच पटलंच पाहिजे असं कुठं आहे. काल रात्री मात्र त्याने विचारलं की त्या शब्दप्रमाणात नेमकं काय असतं. मी सांगू लागले, तर ऐकता ऐकता झोपला.

‘भाषाशिक्षण’ सोडला नाही, हे वाचून तुम्ही कपाळाला हात लावाल. पण खरंच, आता कुणी मागत नसताना तो पेपर मी नव्याने पाहिला तर तो मला आवडला. ‘ध्वनिविज्ञान’ही आवडीनेच ठेवला. तुमच्या पंगतीच्या हिशेबात एवढं बसवून घ्या.

मला ह्यांच्या दुखण्याची इतकी भीती होती की मी ते दुखणं रोज थोडं थोडं देत राहिले. हे कुणी समोर बसून सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. ह्यांनी तुम्हाला लिहिलं, म्हणून मला वाचता आलं. त्यांनी पत्र पाकिटात घालण्याआधी माझ्यापुढे ठेवलं होतं. आता मी घरी नसते तेव्हा घर चालतं. हे बघून पहिल्या दिवशी थोडं टोचलं. ते टोचणंही आता गेलं.

आता पहिल्या तासाचं सांगते. आम्ही सहाजण. मी सोडून सगळे शुभंकरच्या वयाचे. दुर्गाबाईंनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाल्या, प्रत्येकाने अशी एक गोष्ट सांगा, जी तुम्हाला नक्की माहीत आहे, पण निव्वळ कुणाच्या तरी शब्दावर. एकाने स्वतःची जन्मतारीख सांगितली. एक मुलगी म्हणाली, अमेरिका आहे हे, कारण तिचा भाऊ तिथून फोन करतो. सगळे हसले, बाई हसल्या नाहीत, चांगलं उदाहरण आहे म्हणाल्या.

माझी पाळी आली. मी म्हटलं, मला शिकता येतं, हे.

ताई, मी वीस वर्षांची सून म्हणून आर्वीत आले ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला नापास होऊन. तुम्ही तेव्हा नुकत्याच माहेरी परत येऊन शाळेत लागला होतात. एकदा ओट्यावर मी शेजारच्या पोरीला भागाकार समजावत होते. तुम्ही शाळेतून आलात, चपला काढता काढता सासूबाईंना म्हणालात, हिचं डोकं शिकण्याचं आहे, हिला शिकू द्या. आणि आत निघून गेलात. माझ्या हातात पुरावा होता तो उलट, विद्यापीठाचा शिक्का मारलेला. घरात, माहेरी, मी स्वतः, कुणाचंच तसं मत नव्हतं. तरी मी तुमचंच खरं धरलं. पुण्याला आल्यावर बाहेरून बी. ए. केलं ते त्यावर, आणि आज या वर्गात बसले तीही त्याच्यावरच.

दुर्गाबाईंनी विचारलं, त्या बाईंवर विश्वास का ठेवलात. मी म्हटलं, त्या शिक्षिका होत्या, त्यांना ते ओळखता येत होतं. आणि मला खोटं सांगून त्यांना काही मिळणार नव्हतं, त्या तर ते माझ्याशी बोलतही नव्हत्या, सासूबाईंना सांगत होत्या. बाई म्हणाल्या, पंडितांना एवढंच म्हणायला बराच वेळ लागला, ते आपण या वर्षी वाचू.

हे मी तुम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. तुमच्यापुढे उभं राहून सांगताही आलं नसतं. तुमचं माझ्यावर जे आहे ते फिटणारं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

तुमचीच,
प्रियदर्शनी


आर्वी
२७ ऑगस्ट २००२

चि. सौ. प्रियदर्शनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मोठं आहे, म्हणून उत्तर कार्डावर देते, नाहीतर मीही वाहवत जाईन.

शंभूचंही दुसरं पत्र आलं. आपणहून. त्यात चहाशिवाय काही नाही, पण आलं.

बाबांना सांग, दिवाळीला मीच तिकडे येते, डोळ्याच्या वेळी जवळ राहीन. भावाच्या घरी बहीण कितीही दिवस शोभते, त्यावर त्यांचा काही नियम असेल तर आधी कळवावा.

ओट्यावरचं ते वाचलं. खूप आठवून पाहिलं. हे गेले त्या वर्षातलं मला फारसं काहीच आठवत नाही. शाळेत जायचं आणि घरी येऊन निजायचं, एवढंच करत होते. तो ओटा आठवतो, भागाकाराची ती पोरगी आठवते. मी तसं काही म्हटल्याचं मात्र मला मुळीच आठवत नाही.

पण तू सांगतेस, म्हणजे म्हटलं असेन.

तुझी,
मालनताई